बरोबरच्या दोन रेघा

नमस्कार बाई,

माझी मुलगी नुकतीच सातवीत गेली आहे. सहावीपर्यंत तिला गणितात नेहमी नव्वदच्या पुढे गुण असायचे. यंदा बीजगणिताची तोंडओळख सुरू झाली आणि तेव्हापासून ती गणिताची वही उघडायलाच तयार नसते. ‘मला अक्षरं नकोत, आकडे द्या,’ म्हणते. त्यातच शाळेने काही मुलांसाठी जलद अभ्यासक्रम ठेवला आहे. सातवी-आठवीचं गणित या एका वर्षात संपवायचं आणि आठवीत थेट बीजगणिताचा पूर्ण अभ्यासक्रम घ्यायचा. आधीच्या गुणांमुळे तिचंही नाव त्या यादीत आलं आहे. तिच्या वर्गाच्या बाई म्हणतात, घाई करू नका. तिचे बाबा म्हणतात, आत्ता मागे राहिली तर कायमची मागे राहील. मला स्वतःला गणित फारसं येत नाही, त्यामुळे कुणाचं ऐकावं ते कळत नाही. महिनाभरात होकार-नकार कळवायचा आहे. तिच्या वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते.

— एक आई

ताई,

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. यंदा जलद अभ्यासक्रम नको. बाई बरोबर सांगताहेत. पण नुसतं थांबूनही भागणार नाही. तुम्ही पाठवलेल्या पानावर जे दिसतंय, ते वर्षभर वाट पाहिली म्हणून आपोआप जाणारं नाही. हे पान पाठवलंत ते फार बरं केलंत. गुणपत्रिकेवरून मला यातलं काहीच कळलं नसतं.

पानाच्या वरच्या भागातलं उदाहरण बघा. १८ मध्ये ७ मिळवा, येईल त्याची दुप्पट करा, त्यातून ४ वजा करा. तिने लिहिलंय:

१८ + ७ = २५ × २ = ५० − ४ = ४६

उत्तर ४६ बरोबर आहे. शेजारी बरोबरची खूणही आहे. आता ही ओळ डावीकडून उजवीकडे एखाद्या वाक्यासारखी मोठ्याने वाचा. अठरा अधिक सात बरोबर पंचवीस गुणिले दोन? म्हणजे २५ बरोबर ५०? आणि शेवटी २५ बरोबर ४६? तिच्या डोक्यात असं काही नाहीच. तिच्या लेखी ‘=’ या चिन्हाचा अर्थ आहे ‘आता उत्तर लिही’. कॅल्क्युलेटरवरचं बटण दाबल्यासारखं. सहा वर्षं तिने ज्या ज्या वेळी हे चिन्ह पाहिलं, त्या प्रत्येक वेळी डावीकडे करायचं काम होतं आणि उजवीकडे उत्तराची रिकामी जागा. मग तिने दुसरा अर्थ घ्यायचा तरी कुठून? यात तिची चूक नाही. आम्हा शिक्षकांचं तिकडे लक्ष गेलं नाही, एवढंच.

त्याच पानावर खाली ३क्ष + ५ = २० आहे. पुढची ओळ तिने लिहिली ८क्ष = २०. मग २० ला ८ ने पूर्ण भाग जाईना म्हणून ती खोडली. तिथे कागद खरवडून पातळ झालेला फोटोतही दिसतोय. तुम्हाला वाटलं असेल की अक्षर आलं आणि मुलगी गडबडली. मला ते तसं दिसत नाही. वरच्या ओळीतली आणि खालच्या ओळीतली चूक एकच आहे. अधिकचं चिन्ह दिसलं की बेरीज करून मोकळं व्हायचं, ही तिची इतक्या वर्षांची सवय. ‘३क्ष + ५’ हे तिला अर्धवट राहिलेलं काम वाटतं, आणि काम अर्धवट ठेवायचं नाही म्हणून ती ३ आणि ५ ची मोळी बांधून टाकते. अंकगणितात असं अर्धवट कधी राहतच नाही. ७ + ५ म्हटलं की १२ लिहायचे आणि पुढे जायचं. बीजगणितात मात्र ‘३क्ष + ५’ ही स्वतःच एक पूर्ण वस्तू आहे. तिला तसंच ठेवता येतं, उचलून दुसरीकडे नेता येतं, तिची दुप्पट करता येते. अपुरं वाटणारं असं काही न पुसता हातात धरून ठेवणं ही मोठी उडी आहे. आपण मुलांना ती उडी मारायला लावतो, पण इथे उडी आहे हे सांगतच नाही.

आज घरी एक गोष्ट करून बघा. कोऱ्या कागदावर एवढंच लिहा:

८ + ४ = □ + ५

आणि चौकटीत काय येईल, असं विचारा. बाकी काही सांगू नका. ती बहुधा १२ लिहील. कदाचित सगळ्यांची बेरीज करून १७ लिहील. ७ लिहिलं तर मला फार आनंद होईल. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हाच प्रश्न पहिली ते सहावीच्या मुलांना घातला होता. त्यात सहावीची १४५ मुलं होती आणि त्यातल्या एकानेही ७ लिहिले नाहीत. बहुतेकांनी १२ लिहिले, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी १७. तेव्हा तुमची मुलगी एकटी नाही आणि कच्चीही नाही.

हे चिन्ह काढलं कुणी, ते तिला जरूर सांगा. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या एका वेल्श वैद्याने १५५७ मध्ये ते पहिल्यांदा छापलं. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहून तो कंटाळला होता. म्हणून त्याने एकाच लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या, आणि कारण दिलं की कुठल्याही दोन गोष्टी याहून जास्त सारख्या असू शकत नाहीत. त्याच्या मनात ‘पुढे उत्तर लिहा’ असं काही नव्हतं. डावीकडे जेवढं आहे तेवढंच उजवीकडे आहे, एवढंच ते चिन्ह सांगतं. कुठलीही बाजू आधी वाचा.

हे पक्कं करायला आणखी पन्नास उदाहरणं सोडवायची नाहीत. तिला वाक्यं द्या आणि खरं की खोटं ते विचारा. ९ = ९. ७ = ३ + ४. ६ + २ = २ + ६ + १. पहिली दोन बघूनच बरीच मुलं ‘हे उलटं लिहिलंय’ म्हणतात, आणि बोलणं तिथूनच सुरू होतं. मग जरा वरच्या पायरीची द्या: ५७ + ८६ = ५८ + ८५. किंवा ४८ × ५ = २४ × १०. अट एकच, बेरीज-गुणाकार करायचा नाही, नुसतं बघून सांगायचं. ‘एकीकडे एक वाढला, दुसरीकडे एक कमी झाला, म्हणून सारखंच’ असं ती तिच्या शब्दांत म्हणाली की समजा बीजगणित सुरू झालं. अक्षर अजून आलेलंसुद्धा नाही.

लिहिण्याची शिस्तही आत्ताच लावून घ्या. एका ओळीत एकच ‘बरोबर’. पुढची पायरी खालच्या ओळीवर, आणि बरोबरखाली बरोबर. हा टापटिपीचा हट्ट नाही. चिन्हं एकाखाली एक आली की डावी बाजू कशी बदलत गेली आणि उजवी कशी, ते डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला ती कुरकुर करेल, करू द्या.

आता अपूर्णांक. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या २६ वर्षांच्या शिकवण्यात बीजगणितात अडकलेली जी मुलं मी पाहिली, त्यातली निम्म्याहून जास्त खरं तर अपूर्णांकांतच अडकलेली होती. तुमच्या पानावर कोपऱ्यात २/३ + १/४ = ३/७ असं लिहिलंय. वर वर, खाली खाली, बेरीज झाली. आता तिला एवढंच विचारा की २/३ हे अर्ध्याहून जास्त की कमी? जास्त. आणि ३/७? कमी. मग काहीतरी मिळवल्यावर आधी होतं त्याहून कमी कसं झालं? यावर ती गप्प बसली तर बसू द्या. लगेच लसावि काढायला सांगू नका. लसाविची रीत तिला येत असणार, परीक्षेपुरती ती वापरतही असेल. ३/७ ही संख्यारेषेवर एका ठरावीक जागी उभी असलेली एक संख्या आहे, हे मात्र तिला दिसत नाही. तिला दिसतात आडव्या रेघेच्या वर-खाली बसलेले दोन सुटे आकडे.

हेही जगभरचं दुखणं आहे. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, १२/१३ + ७/८ याचं उत्तर साधारण किती येईल? पर्यायांत १, २, १९ आणि २१ हे आकडे होते. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एकएक आहेत, म्हणजे उत्तर साधारण २. ते २४ टक्के मुलांना आलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे नुसते अंश मिळवले किंवा नुसते छेद. पुढे २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या हजारो मुलांची माहिती तपासून एक अभ्यास झाला. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती समजलेत, यावरून पुढे सोळाच्या आसपास बीजगणित कसं जाईल याचा अंदाज बांधता येतो, असं त्यात दिसलं. मुलाची बुद्धिमत्ता, घरची सांपत्तिक स्थिती, पालकांचं शिक्षण, बेरीज-वजाबाकीची तयारी हे सगळं बाजूला काढल्यावरही हा धागा टिकून राहिला.

असं का असावं? माझ्या मते याचं कारण असं. अपूर्णांकात मूल पहिल्यांदा दोन आकड्यांमधलं नातं हीच एक संख्या म्हणून बघतं. २/३, ४/६, १०/१५, कपडे वेगळे पण माणूस एकच. बीजगणितात दिवसभर हेच तर करायचं असतं. २(क्ष + ३) आणि २क्ष + ६ दिसायला वेगळे, किंमत एकच. शिवाय ३क्ष = ७ आलं की क्ष बरोबर ७/३ असं लिहून निश्चिंत बसता आलं पाहिजे. तुमच्या मुलीने ८क्ष = २० खोडलं ते भाग जात नव्हता म्हणून. ती ओळ चुकीचीच होती, पण खोडण्याचं कारणही चुकीचं होतं. २०/८ हे उत्तर असू शकतं, असं तिला वाटलंच नाही.

तेव्हा पहिले दोन महिने एक लांब संख्यारेषा काढा, शून्यापासून तीनपर्यंत, भिंतीवर लावता येईल एवढी. त्यावर तिला ३/४, ५/३, ७/८, ९/४, १/१०, २/२ यांच्या जागा दाखवायला सांगा. मोजपट्टीने मापून नको, अंदाजाने. आणि प्रत्येक वेळी ‘इथेच का?’ एवढाच प्रश्न. तुम्हाला गणित येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. या कामाला ते उलट सोयीचंच आहे. ज्याला येतं त्याला मुलाच्या तोंडचं वाक्य पुरं होईपर्यंत धीर निघत नाही. तुम्ही मनापासून ‘मला नाही कळलं, पुन्हा सांग’ म्हणाल आणि ती पुन्हा सांगेल, आणि दुसऱ्या खेपेला तिचं तिलाच नीट कळेल.

याच्याच पाठोपाठ गुणोत्तर येतं. तिथली एक ठरलेली चूक तपासून घ्या. ४ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच असा एक फोटो आहे. तो मोठा करून रुंदी ८ केली, तर उंची किती? ‘रुंदीत ४ वाढले म्हणून उंचीतही ४, म्हणजे १०’ असं उत्तर आलं तर ती अजून बेरजेतून विचार करते आहे. तिला खरोखर कागद कापून दाखवा. ८ रुंद आणि १० उंच फोटोत माणूस बुटका आणि जाडा होतो. मूळचा ४ × ६, तिचा ८ × १० आणि दुपटीचा ८ × १२ असे तिन्ही चौकोन पट्टीने काढून शेजारी ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. मिळवणं आणि पटीत वाढणं यांतला हा फरक सातवीत ठसला नाही, तर पुढे आलेख, चाल-वेळ, शेकडेवारी सगळीकडे तो आडवा येतो.

ऋण संख्यांबद्दल थोडक्यात. धन आणि ऋण हे शब्द आपल्याकडे फार जुने आहेत. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले, तेही जवळची मालमत्ता आणि डोक्यावरचं कर्ज याच अर्थाच्या शब्दांत. मुलांना हे पटकन पटतं. कर्ज माफ झालं म्हणजे श्रीमंती वाढली, म्हणून ५ − (−३) = ८. एक जागा मात्र जपा: कंसाबाहेरचं वजा. १० − (क्ष − ३) उलगडताना ७ − क्ष लिहिणारी मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. क्ष च्या जागी ५ घालून ताळा करायला सांगा. मूळ राशीची किंमत येते ८, तिच्या उत्तराची येते २. आता चूक तिची तीच शोधेल.

ताळ्यावरून मला माझीच एक गोष्ट आठवली, ती सांगितलीच पाहिजे. शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मी मुलांकडून एक ओळ पाठ करून घ्यायचे: ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.’ मुलं भराभर उदाहरणं सोडवायची आणि मला वाटायचं छान चाललंय. एकदा एका मुलाने ३क्ष = १२ ची पुढची ओळ लिहिली: क्ष = १२ ÷ (−३) = −४. मी म्हटलं, अरे, हे वजा आलं कुठून? तो म्हणाला, ‘बाई, ३ पलीकडे गेला ना, मग चिन्ह बदललं.’ त्याने माझा नियम तंतोतंत पाळला होता. त्याला काय सांगावं ते मला सुचेना. त्या दिवसापासून ते वाक्य मी वर्गात उच्चारलेलं नाही. काही पलीकडे जात नसतं. आपण दोन्ही बाजूंना तेच करतो: दोन्हीकडून ५ काढले, दोन्हीकडे ३ ने भागलं. तराजूचं चित्र इथे उपयोगी पडतं, दोन्ही पारड्यांतून सारखंच काढलं तर काटा हलत नाही. (ऋण संख्या पारड्यात ठेवता येत नाहीत, तेव्हा ते चित्र पुढे सोडून द्यावं लागतं. पण सुरुवातीला ते चांगलं.) तुमच्या मुलीला कुणी ‘पलीकडे नेण्याची’ युक्ती शिकवली असेल, तर काही महिने ती बाजूला ठेवायला सांगा. दोन्ही बाजूंना काय केलं ते प्रत्येक ओळीशेजारी लिहायचं, आणि शेवटी आलेली किंमत मूळ समीकरणात घालून ताळा बघायचा. तीन ओळींचं उदाहरण सहा ओळींचं होईल, चालेल.

आता त्या अक्षरांकडे येते. ‘मला अक्षरं नकोत’ हे तिचं म्हणणं मला मनापासून पटतं. अक्षराची गरज पडण्याआधीच ते तिच्या पुढ्यात टाकलं गेलं. शेकडो वर्षं माणसांनी अक्षरांवाचूनच बीजगणित केलं. आपल्या जुन्या गणितींनी अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हटलं, म्हणजे जितकं तितकं. एकाहून जास्त अज्ञात आल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं दिली आणि लिहिताना त्यांची पहिली अक्षरं वापरली. युरोपात माहीत असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही संख्यांना पद्धतशीर अक्षरं द्यायला १५९१ उजाडलं, ते फ्रान्स्वा व्हिएत याने केलं. तेव्हा सातवीतल्या मुलीने दोन आठवड्यांत अक्षराशी मैत्री करावी ही अपेक्षाच जरा कठोर आहे.

गरज निर्माण करायची तर काड्या घ्या. चार काड्यांचा एक चौकोन करा. त्याला चिकटून दुसरा, मधली काडी दोघांत सामाईक. दोन चौकोनांना ७ काड्या लागतात, तीनला १०. चार चौकोनांना? ती मांडून सांगेल, १३. दहा चौकोनांना? मांडायचा कंटाळा येईल आणि ती काहीतरी शोधेल. शंभरांना? आता मांडणं शक्यच नाही. मग म्हणा, ‘कितीही चौकोन असोत, काड्या कशा काढायच्या, ते मला एका वाक्यात लिहून दे.’ ती लिहील: ‘चौकोन जितके असतील त्याच्या तिप्पट करायची आणि सुरुवातीची एक काडी मिळवायची.’ हेच वाक्य चार-पाच वेळा लिहायला लागलं की तीच विचारेल, ‘चौकोन जितके असतील’ याला काहीतरी छोटं नाव देऊ का? द्या. तिला हवं ते अक्षर घेऊ द्या. तिने ‘न’ हे अक्षर घेतलं, तर ३न + १.

इथे थांबू नका, खरी गंमत पुढे आहे. तुम्ही स्वतः मोजून बघा, कदाचित तुम्हाला वेगळंच दिसेल. पहिल्या चौकोनाच्या ४ काड्या, मग उरलेल्या प्रत्येकाला ३, म्हणजे ४ + ३(न − १). किंवा वरच्या आडव्या न, खालच्या आडव्या न आणि उभ्या न + १. दहा चौकोनांसाठी तिन्ही रीतींनी ३१ येतात. काड्या त्याच, मग ही तिन्ही वाक्यं एकमेकांच्या बरोबर असलीच पाहिजेत. कंस सोडवून सजातीय पदं एकत्र करण्याचा जो धडा तिला पुढे येणार आहे तो हाच. फरक एवढाच की आता तिला ते कशासाठी करायचं ते ठाऊक असेल. वर्गात या एका खेळावर मी चार तास घालवते आणि कधी पस्तावले नाही.

अक्षराबाबत एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘प म्हणजे पेन’ असं तिला म्हणू देऊ नका. प म्हणजे पेनांची संख्या. हे क्षुल्लक वाटतं, पण १९८१ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे समीकरणात लिहायला सांगितलं, तेव्हा एकतृतीयांशाहून जास्त जण चुकले. बहुतेकांनी विद्यार्थ्यांच्या अक्षराला ६ ने गुणलं. ६ विद्यार्थी, १ प्राध्यापक, म्हणून ६व = प. अक्षराला त्यांनी माणसाचं लेबल समजलं. प्राध्यापक १० घेऊन बघा: विद्यार्थी ६०, आणि ६ × ६० कधीच १० होत नाहीत. अभियंते होऊ घातलेल्या मुलांची ही गत, तर सातवीत यावर चार दिवस जास्त गेले तर ते वाया गेले असं मानू नका.

आता तिच्या बाबांच्या काळजीबद्दल. ‘मागे राहील’ ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. जी मुलं खरंच तयार असतात त्यांना अडकवून ठेवणं हाही अन्यायच आहे. असा अन्याय झालेली मुलंही मी पाहिली आहेत, कंटाळून ती गणितापासून दूर जातात. पण दोन वर्षांचं एका वर्षात बसवायचं तर काहीतरी कापावं लागतं. कापलं जातं ते बहुतेक वेळा अपूर्णांक, गुणोत्तर आणि ऋण संख्यांवरचं रेंगाळणं, म्हणजे तुमच्या मुलीला जे हवंय नेमकं तेच. अमेरिकेत शार्लट शहराच्या शाळांनी २००२ च्या सुमारास बऱ्याच जास्त मुलांना आठवीतच बीजगणित दिलं. पुढे संशोधकांनी तपासलं, तर लवकर ढकललेल्या मुलांचे बीजगणिताच्या परीक्षेतले गुण कमी झाले होते. पुढचे भूमिती आणि वरच्या पायरीचं बीजगणित हे विषय पार करण्यातही त्यांना काही फायदा झाला नव्हता, काही ठिकाणी तोटाच झाला होता. लवकर सुरुवात केली म्हणून मूल पुढे गेलं असं झालं नाही.

शाळेला होकार-नकार कळवण्याआधी तिघांनी मिळून बाईंना भेटा आणि तीन गोष्टी विचारा. जलद वर्गात नेमके कोणते धडे गाळले किंवा आवळले जातात? आत्ता नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी किंवा नववीत त्या वाटेवर येता येतं का? आणि निवड कशावर केली, गुणांवर की मुलांच्या वह्या बघून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘येतं’ असं असेल, आणि बहुतेक ठिकाणी कुठला तरी मार्ग असतोच, तर बाबांची अर्धी काळजी तिथेच मिटेल. मार्ग नसला तरी माझं मत तेच राहील. ३/७ च्या पायावर उभं केलेलं बीजगणित मला माहीत आहे. नववीत ती मुलं पाठांतरावर येतात आणि अकरावीत गणित सोडतात.

उलट, वर्षाच्या शेवटी तिने चौकटीत न अडखळता ७ लिहिले, ५/३ ची जागा भिंतीवर बोटाने दाखवली, फोटोची उंची १२ सांगितली आणि काड्यांचं वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहून दोन रीती सारख्या का ते समजावलं, तर मला पुन्हा पत्र लिहा. मग मीच म्हणेन, द्या तिला जलद वर्ग.

पाढ्यांचं विचारलं नाहीत, पण सांगते. ते यायलाच हवेत. ६क्ष + १५ मध्ये ३ दडलेला दिसायचा तर ६ आणि १५ हे दोघेही ३ च्या पाढ्यातले आहेत हे विचार न करता सुचावं लागतं. घड्याळ लावून मात्र घेऊ नका.

रोज वीस मिनिटं पुरेत, आणि ती दमलेली असेल त्या दिवशी तीही नकोत. ‘अगं, सोपं तर आहे’ हे वाक्य घरात कुणीच बोलायचं नाही, बाबांनीही नाही. जे आपल्याला येत नाही ते सोपं आहे असं ऐकलं, की मूल विचारायचं बंद होतं.

सुरुवात आज रात्री त्या एका ओळीने करा, ८ + ४ = □ + ५. तिने १२ लिहिलं तर खोडू नका आणि मानही हलवू नका. शेवटच्या ५ वर बोट ठेवा आणि विचारा, ‘मग याचं काय करायचं?’ पुढे कितीही वेळ लागला तरी तुम्ही काही बोलू नका.

तुमची,
गणिताच्या बाई